भिंतीवरचं नाव



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला पाचवीत अक्षर शिकवलं. फळ्यावरची तारीख आणि सुविचार ते स्वतः लिहीत आणि तेवढ्यासाठी शाळा भरण्याआधी येऊन थांबत. संध्याकाळी फळा पुसायची पाळी आमची असे. तो पुसताना हात जड व्हायचा, कारण ते अक्षर पुसण्यासारखं नसायचं. म्हणून यंदा बोलायचं ठरलं तेव्हा मी अक्षराचाच विषय घेतला. मात्र वहीतलं अक्षर सोडून मी भिंतीवरच्या अक्षराबद्दल बोलणार आहे. त्याला आता सगळे ग्राफिटी म्हणतात.

हा शब्द आपल्याकडच्या बऱ्याच वाचकांच्या ओळखीचा झाला तो वर्तमानपत्रातून. विटांची एक भिंत काढलेली आणि तिच्यावर एका ओळीची कोटी, अशी चौकट रोज छापून यायची. लोक चहा घेताना ती आधी वाचायचे. मूळ शब्द इटालियन आहे आणि त्याचा अर्थ ओरखडा. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या भिंतींवर असे हजारो ओरखडे सापडले आहेत. त्यात निवडणुकीचा प्रचार आहे, उधारी आहे, प्रेम आहे आणि शिव्याही आहेत. आपल्या एस्टी स्टँडच्या भिंतीवर यापेक्षा वेगळं काय असतं?

१९७३ साली जॉर्ज लुकास या दिग्दर्शकाचा 'अमेरिकन ग्राफिटी' नावाचा चित्रपट आला. १९६२ च्या उन्हाळ्याच्या शेवटची एक रात्र, गावातली पोरं, त्यांच्या मोटारी, रेडिओवरची गाणी, आणि उजाडल्यावर एकजण गाव सोडून शिकायला निघतो. नाव ग्राफिटी असलं तरी ही पोरं रात्रभर मोटारीतून हिंडतात, भिंत रंगवण्याची ही गोष्टच नाही. हे नाव चित्रपट काढणाऱ्या कंपनीलाही पटलं नव्हतं. मला मात्र ते फार नेमकं वाटतं. त्या वयाचा जो ओरखडा मनावर राहतो, त्याचं ते नाव आहे. आपल्याकडे मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा 'शाळा' आला, मग 'दुनियादारी' आणि 'टाइमपास' आले. ते पाहून परतताना एस्टीत आम्ही पन्नाशीकडे झुकलेली माणसं चित्रपटाबद्दल फार थोडं बोललो. प्रत्येकजण आपल्या बाकाबद्दल बोलत होता. कंपासपेटीतल्या कर्कटकाने कोरलेली दोन आद्याक्षरं, मध्ये अधिकचं चिन्ह आणि भोवती वाकडातिकडा बदाम. दरवर्षी बाकांना रंग लागायचा, पण खाचेत तो जास्त मुरायचा आणि ते नाव उलट उठून दिसायचं.

चित्रपटातली एक भिंत मात्र स्मरणरंजनाची नाही. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'मधली. त्यातला शाळकरी पोरगा जब्या आणि त्याच्या घरची माणसं डुक्कर काठीला बांधून खांद्यावरून नेत आहेत आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. कुणी एक शब्द बोलत नाही. भिंतीवर रंगवलेलं आणि भिंतीखाली चाललेलं यातलं अंतर त्या एका दृश्यात मावलं आहे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात अशी भिंत आहे. आपण तिच्यासमोरून रोज जातो.

भिंतीवर लिहिणारा माणूस काय सांगत असतो? न्यूयॉर्कमध्ये सामान पोचवणारा एक पोरगा शहरभर 'टाकी १८३' एवढंच लिहीत सुटला. टाकी हे घरातलं लाडाचं नाव आणि १८३ हा त्याच्या रस्त्याचा क्रमांक. १९७१ मध्ये तिथल्या मोठ्या दैनिकाने त्याच्यावर बातमी छापली आणि मग हजारो पोरं आपापलं नाव घेऊन भुयारी रेल्वेच्या डब्यांवर तुटून पडली. पुढे त्याची कला झाली, बाजार झाला, लिलाव झाले. तो भाग मी इथेच सोडतो. माझं लक्ष त्या पहिल्या गोष्टीकडे आहे, नाव आणि रस्त्याचा क्रमांक. मी आहे, आणि मी इथला आहे.

आता आपल्या दाराशी या. महाडहून मुंबईच्या बाजूला निघालं की गांधारी नदीपलीकडे पाले गावाच्या डोंगरात गांधारपाले लेणी दिसतात. तिथे ब्राह्मी लिपीत एक लेख आहे. कानभोअ विष्णुपालित नावाच्या कुमाराने लेणं, चैत्यगृह, आठ खोल्या आणि पाण्याची टाकी दान दिली, अशी ती नोंद आहे. सावित्रीपलीकडच्या कोल गावात लेणी अगदी लहान आहेत. तिथल्या एका छोट्या लेखात धमसिरी या बाईचं नाव आहे. ती शिवदताची बायको, आणि लेणं तिचं दान. पावणेदोन-दोन हजार वर्षांपूर्वीच्या या खोऱ्यातल्या एका बाईचं नाव आपल्याला माहीत आहे ते तिने दगडावर कोरवून घेतलं म्हणून.

आणि आता पोलादपूरच्या कुठल्याही वाडीतल्या देवळाच्या पायऱ्या चढा. प्रत्येक पायरीला संगमरवरी पट्टी असते, तिच्यावर कैलासवासी अमुक यांच्या स्मरणार्थ, देणारा मुलगा, मुक्काम मुंबई, रुपये पाचशे एक. एस्टीच्या थांब्यावर बाकडं असतं, त्याच्या पाठीवर हेच. गिरणीत, गोदीत, खानावळीत राबलेल्या माणसांनी गावाला पाठवलेल्या पैशाची ही नोंदवही आहे. वाक्यरचना तीच, कानभोअची आणि धमसिरीची. कोण, कुणाचा, काय दिलं. दोन हजार वर्षांत लिपी बदलली, भाषा बदलली, धर्म बदलले, हे वाक्य तेवढं या डोंगरात टिकून राहिलं. आजची ही व्याख्यानमालासुद्धा 'स्मरणार्थ' या एका शब्दावर उभी आहे.

या सगळ्या नावांत मला सर्वात मोठं वाटतं ते रायगडावरचं. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इटळकर, ज्यांना आपण हिरोजी इंदुलकर म्हणतो, त्यांचं नाव आहे. आपण सेवेत तत्पर आहोत एवढंच त्यांनी लिहिलं. महाराजांच्या राजधानीचं बांधकाम ज्यांच्या हातून झालं, त्यांनी आपल्या नावासाठी येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय पडेल अशी जागा निवडली.

त्याच गडावर बुरुजाच्या आणि देवड्यांच्या दगडांवर खिळ्याने, विटकरीने, कधी रंगाच्या डब्याने लिहिलेली नावं मी पाहिली आहेत. गावाचं नाव, मंडळाचं नाव, दोन नावांमध्ये बाण मारलेला बदाम. गांधारपालेच्या भिंतींचीही यातून सुटका झालेली नाही. ही तीच ओढ आहे, मी आहे आणि इथे आलो होतो. ओढीला मी हलकं म्हणणार नाही. बाकावर कोरणाऱ्या पोराचीच ती ओढ आहे. पण ते कृत्य मला चोरीसारखं वाटतं. धमसिरीने लेणं दिलं आणि नाव लिहिलं. हिरोजींनी गड उभा केला आणि नाव लिहिलं. तिसऱ्याने काहीही न देता, दुसऱ्याच्या कष्टाच्या दगडावर आपलं नाव चढवलं. पुसायला गेलं तर तारेच्या ब्रशाने दगडाचा थर निघतो, म्हणजे जखम दोनदा होते.

कायदा आहे. १९५८ चा पुरातत्त्व कायदा २०१० मध्ये कडक झाला आणि संरक्षित वास्तूचं विद्रूपण करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. जुलै २०२५ मध्ये रायगड आणि प्रतापगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. आपण पेढे वाटले, ते योग्यच केलं. पण रंगाचा डबा घेऊन गडावर जाणाऱ्या पोराच्या हातात तो डबा आला कसा आणि त्याला दुसरी भिंत कुणी दिली होती का, हे कायद्याच्या कलमात लिहिलेलं नसतं. ते आपण विचारायचं आहे.

आता एका माणसाबद्दल सांगतो, आणि इथे थोडा वेळ घेतो. मी सहावी-सातवीत असताना पोलादपूरला हायवेलगतच्या एका लांब भिंतीवर पेंटर काम करत होता. सिमेंटच्या पत्र्यांची जाहिरात होती. भिंतीला चुन्याचे दोन हात देऊन झाले होते. त्याने सुती दोरा निळीच्या पाण्यात बुडवला, निथळला, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. "पोरा, ताण. ढिला सोडू नको." मग मधोमध चिमटीत धरून दोरा मागे ओढला आणि सोडला. फट्ट असा आवाज आला आणि पांढऱ्या भिंतीवर टोकापासून टोकापर्यंत निळी रेघ उमटली. माझ्या बोटांना निळीचा ओलावा आणि चुन्याची चरचर एकदमच लागली. तशीच दुसरी रेघ खाली. मग त्याने खडूने अक्षरांचा अंदाज घेतला, वेलांट्यांना वर जागा ठेवली, उकारांना खाली. डाव्या हातात चिंधी गुंडाळलेली काठी भिंतीला टेकवून तिच्यावर उजवा हात ठेवला आणि चपट्या ब्रशाने लिहू लागला.

मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. गुरुजींनी आम्हाला आधी अक्षर आणि शब्द पुरा झाल्यावर वर रेघ असं शिकवलं होतं. पेंटर आधी रेघ मारत होता आणि अक्षरं तिला खाली लटकवत होता, दोरीवर धुणं वाळत घालावं तशी. मी विचारलं, तर म्हणाला, "आधी रेघ. रेघ सरळ तर सगळं सरळ." दुसऱ्या दिवशी मी शाळेत हे सांगितलं. गुरुजी हसले आणि म्हणाले, मोडी लिहिणारे कारकून असंच करत. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग त्या रेघांना अक्षरं लावत जायचं. दोनतीन शतकांपूर्वी दप्तरात बसलेला कारकून आणि हायवेवर चड्डी-बनियनमध्ये उभा असलेला पेंटर यांच्यात हे असं नातं निघालं.

न्यूयॉर्कच्या रेल्वेवरची अक्षरं फुगली, एकमेकांत गुंतली, वाचता येईनात इतकी वळली, कारण रोमन अक्षराला वरून धरून ठेवणारं काही नाही. देवनागरीला शिरोरेषा आहे. तिच्याशी खेळता येतं, पण तिला सोडून जाता येत नाही. हा खेळ ज्यांनी मराठी घराघरांत नेला त्यांत कमल शेडगे यांचं नाव पहिलं घेतलं पाहिजे. नाटकांच्या जाहिरातींत त्यांनी काढलेल्या शीर्षकांची अक्षरं अशी असत, की नाटक गंभीर आहे की हसवणारं हे वाचण्याआधी कळे. तालुक्याच्या गावातले किती तरी पेंटर रविवारच्या अंकातली ती अक्षरं कापून ठेवत आणि त्यांवरून हात बसवत. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून सुलेखन मंचावर आणि रस्त्यावर आणलं, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. माझ्या लेखी ही आपली ग्राफिटी. स्प्रेच्या डब्याआधीची आणि त्याच्याहून शिस्तीची.

मग फ्लेक्स आला. रात्रीत छापून मिळणारा, स्वस्त, आणि पन्नास चेहरे मावणारा. वाढदिवस, निवड, आगमन, दुःखद निधन, सगळं एकाच कापडावर एकाच यंत्रातून. चौकातल्या पेंटरचं दुकान बंद झालं. त्यातले काही गाड्यांच्या नंबरप्लेटी रंगवू लागले. काहींना जिल्हा परिषदेच्या शाळांनी हात दिला. 'बोलक्या भिंती' हा शब्द शिक्षकांना नवा नाही. वर्गाच्या आत-बाहेर बाराखडी, पाढे, रायगड जिल्ह्याचा नकाशा, पाण्याचं चक्र. या भिंती मी आवडीने पाहतो. पण एक तक्रारही आहे. त्या भिंती मुलांशी बोलतात, मुलांना बोलू देत नाहीत. वाघ पेंटरने काढायचा, सुविचार मुख्याध्यापकांनी निवडायचा आणि मुलांनी हात लावायचा नाही. मुंबईत २००९ मध्ये तुळशी पाइप रोडची, म्हणजे सेनापती बापट मार्गाची रेल्वेलगतची भिंत महापालिकेने सामान्य माणसांना रंगवायला दिली होती. कॉलेजची पोरं, कारकून, गृहिणी ब्रश घेऊन आल्या. आपल्या शाळेच्या कुंपणाची एक बाजू, अगदी मागची का असेना, मुलांना द्यायला काय हरकत आहे? वर्षाअखेर चुना मारायचा आणि नव्या वर्षी पुन्हा कोरी करून द्यायची.

हे म्हणताना माझ्या मनात महाडचीच एक गोष्ट असते. लिहिण्याचा हक्क ज्यांना शतकानुशतकं नाकारला गेला, त्यांनी उघड्यावर लिहिलं तेव्हा काय झालं, हे या गावाने पाहिलं आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद झाली आणि बाबासाहेबांच्या मागोमाग लोकांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लोक पुन्हा आले. सभेला जागा मिळू नये अशी खटपट चालली होती, ती फत्तेखान यांनी आपली जमीन देऊन हाणून पाडली. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली. ती जाळण्यासाठी खणलेल्या खड्ड्याभोवती खांब रोवून फलक लावले होते आणि त्यातल्या एकावर 'मनुस्मृतीची दहनभूमी' असे शब्द होते. दहनाबद्दल आपण पुष्कळ बोलतो. मी त्या फलकाकडे पाहतो. तो कुणी तरी लिहिला असेल. ज्या ग्रंथाने अक्षरापासून दूर ठेवलं, त्याच्या शेवटाची पाटी अक्षरांनीच लिहायची होती. त्या हाताने रेघ आधी मारली असेल की नंतर, अक्षर वळणदार असेल की घाईचं, हे विचार माझ्या मनातून जात नाहीत. दरवर्षी मार्चमध्ये महाडच्या रस्त्यांवर निळ्या रंगात 'जय भीम' दिसतं. त्या दोन शब्दांना मी विद्रूपण म्हणू शकत नाही. या गावात ते दोन शब्द पत्त्यासारखे आहेत.

शेवटची गोष्ट घरातली आहे.

२२ जुलै २०२१. त्या दिवशी तळीये गावावर डोंगर कोसळला आणि महाड शहर सावित्री-गांधारीच्या पाण्यात गेलं. माझ्या मेहुण्यांचं घर बाजारपेठेच्या बाजूला आहे. पाणी ओसरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो. फावड्याने गाळ ओढत होतो आणि भिंतीवर सगळीकडे एक सरळ तपकिरी रेघ होती, दोऱ्याने झटकल्यासारखी. स्वयंपाकघराच्या दाराला जुनी सागवानी चौकट आहे. तिच्यावर मेहुण्यांच्या दोन्ही मुलांची उंची दर वाढदिवसाला पेन्सिलने मांडलेली, शेजारी तारीख आणि नावाचं पहिलं अक्षर. सर्वात वरची खूण थोरल्याची, दहावीच्या वर्षाची. पुराची रेघ तिच्याही वर होती, चांगली हातभर. माझी बहीण ओल्या फडक्याने चौकट पुसायला लागली आणि मध्येच थांबली. खुणा गेल्या नव्हत्या. पेन्सिलचं शिसं चिखलाखाली शाबूत होतं. तिने भोवतीचा गाळ बोटाने काढला आणि त्या खुणा तशाच ठेवल्या. महिन्याभराने घराला रंग लावला, तेव्हा रंगाऱ्याला चौकट सोडायला सांगितली. पुराच्या रेघेपाशी मेहुण्यांनी स्वतः ऑइलपेंटने तारीख घातली. कुणी नवीन माणूस घरी आला की ते त्याला त्या रेघेखाली उभं करतात आणि काही न बोलता पाणी प्यायला देतात.

मुंबई-गोवा महामार्गाची रुंदी वाढली तेव्हा कडेच्या किती तरी भिंती पडल्या. त्यांच्याबरोबर पेंटरच्या हातची अक्षरं गेली, कोपऱ्यात बारीक लिहिलेली त्याची सही गेली. माझ्या लहानपणची ती पत्र्यांची जाहिरात कुठे होती, हे मला आता नक्की दाखवता येत नाही.

म्हणून तुम्हा सर्वांना एक विनंती करून थांबतो. दिवाळीच्या तोंडावर घरं, दुकानं, शाळा, देवळं रंगवायला निघतील. त्याआधी एकदा भिंतीजवळ जा. जुन्या हातची पाटी असेल, पेंटरची सही असेल, पुराची रेघ असेल, तर तिचा फोटो काढा, गाव आणि तारीख लिहा आणि आपल्या वाचनालयात आणून द्या. पेंटर हयात असेल तर त्याच्याकडून त्या पाटीची गोष्ट लिहून घ्या. आणि चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा असतील, तर रंगाऱ्याला तेवढी चौकट सोडायला सांगा.